मत्स्यशोधक

मत्स्यशोधक किंवा फिशफाइंडर हे पाण्यात ध्वनीचे स्पंद सोडून त्यांच्या प्रतिध्वनींवरून पाण्याची खोली, तळाचे स्वरूप आणि मधल्या थरांतील मासळीचा माग दाखवणारे इलेक्ट्रॉनिक उपकरण आहे. सोनार या तंत्राचाच तो एक प्रकार होय. लहान होड्यांसाठी मिळणाऱ्या बहुतेक मत्स्यशोधकांत आता जीपीएस रिसीव्हरही बसवलेला असतो. त्यामुळे होडीखाली काय आहे आणि होडी कोठे आहे, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच पडद्यावर मिळतात. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर बोलण्यात ‘फिशफाइंडर’ हे इंग्रजी नावच अधिक रूढ आहे.

नाव काहीही असले, तरी हे उपकरण मासा ओळखत नाही. पाण्याहून वेगळ्या घनतेच्या कोणत्याही वस्तूवरून परतलेला आवाज ते पडद्यावर उमटवते. ती वस्तू मासा आहे, तुटलेल्या जाळ्याचा गुंता आहे की हवेच्या बुडबुड्यांचा लोट, हे ठरवणे तांडेलाच्या नजरेवर आणि अनुभवावर सोडलेले असते. म्हणून लहान होडीसाठी यंत्र निवडताना आवाज पाण्यात कसा जातो व कसा परततो, याचा विचार आधी आणि पडद्याच्या लांबी-रुंदीचा विचार शेवटी करणे योग्य ठरते. बाजारात बहुधा उलट क्रमाने खरेदी होते.

पूर्वपीठिका

यंत्र येण्यापूर्वी खोली मोजण्यासाठी दोरीला शिशाचे वजन बांधून ते पाण्यात सोडत. कोकणात यासाठी ‘वाव’ हे माप वापरले जाई. दोन्ही हात पसरले असता एका हाताच्या बोटांपासून दुसऱ्या हाताच्या बोटांपर्यंतचे अंतर म्हणजे एक वाव, सुमारे सहा फूट. इंग्रजी फॅदमही तेवढाच. युरोपीय जहाजांवर शिशाच्या बुडाला चरबी लावण्याची पद्धत होती. चरबीला वाळू चिकटून आली, शिंपल्याचा चुरा आला की नुसता चिखल, यावरून तळ कळत असे. स्थान ठरवण्यासाठी किनाऱ्यावरील खुणा उपयोगी पडत : एका बाजूला देवळाचा कळस व त्यामागच्या डोंगराचे टोक एका रेषेत आले, दुसऱ्या बाजूला दीपगृह व खडक एका रेषेत आले, की त्या दोन रेषा जेथे छेदतात तेथे होडी आहे असे धरले जाई. खोली, तळ आणि जागा या तीनच गोष्टी आजचे जीपीएसयुक्त यंत्रही सांगते. धुके, पाऊस आणि रात्र यांत खुणा दिसेनाशा होत असत, एवढी अडचण मात्र आता उरलेली नाही.

१९१२ साली टायटॅनिक जहाज हिमनगावर आदळून बुडाल्यानंतर पाण्यात ध्वनीच्या साहाय्याने अडथळे शोधण्याच्या प्रयत्नांना गती आली. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ अलेक्झांडर बेम यांनी १९१३ मध्ये प्रतिध्वनीवर आधारित खोलीमापकाचे एकस्व मिळवले. पहिल्या महायुद्धात फ्रान्सचे पॉल लांझव्हँ यांनी क्वार्ट्‌झ स्फटिकाच्या साहाय्याने श्राव्यातीत ध्वनी निर्माण करण्याचे तंत्र विकसित केले. आजच्या ट्रान्सड्यूसरचे मूळ त्यात आहे. नॉर्वेचे ऑस्कर सुंड यांनी १९३५ साली लोफोटेन बेटांजवळील कॉड माशांच्या थव्यांचे प्रतिध्वनी-आलेख प्रसिद्ध केले. केवळ मासेमारीसाठी बनवलेले पहिले व्यवहार्य यंत्र जपानमध्ये नागासाकी परिसरातील फुरुनो बंधूंनी १९४८ मध्ये आणले. त्यानंतर दशकभराने अमेरिकेत लोरान्स कंपनीने तळ्यांत हौसेने गळ टाकणाऱ्यांसाठी हाताने उचलता येईल असे छोटे यंत्र तयार केले.

या दोन परंपरा अजूनही वेगळ्या ओळखू येतात, आणि ग्राहकाच्या दृष्टीने हा केवळ इतिहास नाही. एक परंपरा खाऱ्या पाण्यातील व्यावसायिक मासेमारीची, तर दुसरी गोड्या पाण्याच्या तळ्यांची. लहान होड्यांसाठीची पुष्कळशी स्वस्त यंत्रे दुसऱ्या परंपरेतून आली आहेत. त्यांच्या खोक्यावर छापलेली कमाल खोली अनेकदा गोड्या पाण्यातली असते. समुद्रात तेच यंत्र त्याहून बरेच कमी खोलीपर्यंत पोचते.

जीपीएस ही अमेरिकेची उपग्रह-प्रणाली १९९५ मध्ये पूर्ण क्षमतेने कार्यान्वित झाली. नागरी वापरासाठीचे संकेत मे २००० पर्यंत मुद्दाम ढोबळ ठेवलेले असत, त्यामुळे स्थानात शंभर मीटरपर्यंत चूक येई. ते बंधन उठल्यावर ही चूक दहा मीटरांच्या आसपास आली. बुडालेल्या एखाद्या लहान खडकावर पुन्हा नेमके परतणे साध्या रिसीव्हरला शक्य झाले, ते तेव्हापासून.

कार्यपद्धती

होडीच्या तळाशी किंवा मागील बाजूस बसवलेला ट्रान्सड्यूसर विजेच्या स्पंदाचे ध्वनिस्पंदात रूपांतर करतो, मग क्षणभर थांबून परतणारा आवाज ऐकतो. समुद्राच्या पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १,५०० मीटर असतो. ३० मीटर खोल तळावरून प्रतिध्वनी परतण्यास ०.०४ सेकंद लागतो. या वेळेवरून यंत्र खोली काढते व मोजलेला प्रत्येक स्पंद एका उभ्या रेघेच्या रूपाने पडद्याच्या उजव्या कडेला मांडते. नवी रेघ आली की जुन्या रेघा डावीकडे सरकतात.

ध्वनी शंकूच्या आकारात खाली पसरतो. शंकूचा कोन २० अंशांचा असेल, तर तळावरील वर्तुळाचा व्यास खोलीच्या साधारण एकतृतीयांश, म्हणजे ३० मीटर पाण्यात दहा-साडेदहा मीटर असतो. कोन ६० अंशांचा असेल, तर त्याच खोलीवर तो ३४ मीटरांच्या पुढे जातो. रुंद शंकूत अधिक क्षेत्र येते. पण त्या सगळ्या क्षेत्रातील वस्तू पडद्यावर एकाच उभ्या रेघेत एकावर एक बसतात. होडीच्या डावीकडे पंधरा मीटरांवर असलेला थवाही थेट खाली असल्यासारखा दिसतो. अरुंद शंकू कमी जागा पाहतो, पण जे पाहतो ते नेमके असते.

वारंवारतेची निवड याच्याशी जोडलेली आहे. लहान यंत्रांत सामान्यतः ५० ते ८३ किलोहर्ट्‌झची कमी आणि २०० किलोहर्ट्‌झची जास्त, अशा वारंवारता असतात. कमी वारंवारतेचा आवाज खोलवर जातो व बहुधा रुंद पसरतो. जास्त वारंवारतेचा आवाज बारकावे दाखवतो, पण लवकर विरतो. खाऱ्या पाण्यात तो अधिकच लवकर विरतो, कारण समुद्रजलातील मॅग्नेशियम सल्फेट हा क्षार या वारंवारतांचा ध्वनी शोषतो. तळाचे छायाचित्रासारखे दृश्य देणाऱ्या यंत्रांत ४५५ किंवा ८०० किलोहर्ट्‌झ इतकी वारंवारता वापरतात. खाडीत, बंदरात किंवा धरणाच्या जलाशयात ती दृश्ये सुरेख येतात. उघड्या समुद्रात खोली वाढली की ती पुसट होतात.

अलीकडच्या ‘चर्प’ पद्धतीत एकाच वारंवारतेऐवजी वारंवारतांचा चढता पट्टा सोडला जातो. जुन्या पद्धतीत एक सहस्रांश सेकंदाचा स्पंद सोडल्यास ७५ सेंटिमीटरपेक्षा जवळ असलेले दोन मासे वेगळे दिसत नाहीत. चर्पमध्ये हे अंतर स्पंदाच्या लांबीवर नव्हे, तर पट्ट्याच्या रुंदीवर ठरते. २० किलोहर्ट्‌झ रुंदीच्या पट्ट्यात ते तत्त्वतः ४ सेंटिमीटरच्या आत येते. तळाला चिकटून राहणारी मासळी तळापासून वेगळी दिसण्यासाठी हा फरक मोलाचा आहे. अधिक पैसे एखाद्याच सोयीवर खर्च करायचे झाल्यास ते चर्पवर करावेत, असे म्हणण्यास जागा आहे.

पडद्याचे वाचन

नवखा माणूस पडद्याकडे समुद्राचे चित्र म्हणून पाहतो. प्रत्यक्षात पडद्याचा आडवा अक्ष अंतराचा नसून वेळेचा असतो. नांगरून उभ्या असलेल्या होडीखाली एकच मासा स्थिर राहिला, तरी पडद्यावर त्याची लांबच लांब रेघ उमटते, आणि ती पाहून मोठा मासा असल्याचा भास होतो. होडी माशावरून पुढे जाते तेव्हा मासा शंकूच्या कडेने आत येतो, मध्यावर येतो व दुसऱ्या कडेने बाहेर पडतो. कडेवर असताना त्याचे तिरकस अंतर जास्त व मध्यावर कमी असल्याने कमानीसारखी आकृती तयार होते. अर्धीच कमान दिसली, तर मासा शंकूच्या मध्यातून गेला नाही एवढेच समजावे. कमानीची लांबी माशाच्या आकाराची नव्हे, तर तो शंकूत किती वेळ होता याची निदर्शक असते. आकाराचा अंदाज कमानीच्या जाडीवरून व रंगाच्या तीव्रतेवरून बांधतात.

प्रतिध्वनीचा बहुतांश भाग माशाच्या मांसावरून नव्हे, तर पोटातील वाताशयावरून परततो. हवा आणि पाणी यांच्या घनतेतील प्रचंड फरक हे त्याचे कारण. घोळ माशाचे हे वाताशय ‘भोत’ या नावाने मोठ्या किमतीला विकले जाते, आणि बाजारात मोल असलेला हाच अवयव पडद्यावर घोळीचा ठळक ठसा उमटवतो. याउलट मुशी, पाकट यांसारख्या कूर्चायुक्त माशांना वाताशयच नसते. वजनाने मोठी असलेली मुशी म्हणूनच पडद्यावर अपेक्षेपेक्षा फिकी दिसते. पडदा रिकामा आहे, तेव्हा पाणीही रिकामे आहे, हे अनुमान त्यामुळे नेहमी बरोबर ठरत नाही.

तळाची रेघही बोलकी असते. खडकाळ तळावरून जोरदार प्रतिध्वनी येतो, रेघ जाड व गडद दिसते, आणि उथळ पाण्यात तिच्याखाली बरोबर दुप्पट खोलीवर दुसरी रेघ उमटते. हा आवाज तळ, पाण्याचा पृष्ठभाग आणि पुन्हा तळ असा दोनदा फिरून आलेला असतो. दहा मीटरांवरच्या तळाची दुसरी रेघ वीस मीटरांवर दिसली, की तळ कठीण आहे असे समजतात. मऊ गाळ आवाज गिळतो, तेथे रेघ फिकी होते व दुसरी रेघ बहुधा दिसत नाही. तांब, गोबरा असे खडकाच्या आसऱ्याने राहणारे मासे गळाने धरणाऱ्याला थव्यापेक्षा तळाची ही रेघच अधिक उपयोगी पडते. मात्र खडकाच्या उतारावर एक आंधळी पट्टी असते : शंकूच्या कडेने आधी उंच भागाचा प्रतिध्वनी येतो, आणि त्याखाली खळग्यात बसलेला मासा तळाच्या रंगात मिसळून जातो.

बहुतेक यंत्रांत प्रतिध्वनीच्या जागी माशाचे छोटे चित्र दाखवण्याची सोय असते. विक्रेते ती आवर्जून दाखवतात. ती बंद ठेवणे उत्तम. हे चित्र यंत्राचा अंदाज असते. बुडबुडे, वाहत आलेली प्लॅस्टिकची पिशवी किंवा शेजारच्या होडीच्या यंत्राचा आवाज यांनाही तेथे मासा म्हणून स्थान मिळते. मूळ प्रतिध्वनी पाहत राहिल्याने डोळा तयार होतो. चित्र पाहून तो तयार होत नाही.

लहान होडीसाठी निवड

पहिला प्रश्न नेहमी किती खोल पाण्यात मासेमारी होते, हा असतो. कोकणासमोरची समुद्रबूड जमीन रुंद आहे. किनाऱ्यापासून बारा सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर, हे राज्याच्या अखत्यारीतील पाणी. त्यात बहुतेक ठिकाणी खोली ५० मीटरच्या आत राहते. लहान होडीचा वावर याच पट्ट्यात असतो. एवढ्या खोलीला २०० किलोहर्ट्‌झच्या आसपासचा ट्रान्सड्यूसर आणि माफक शक्तीचे यंत्र पुरेसे होते. विजयदुर्गच्या पश्चिमेस सुमारे १०५ किलोमीटरवर आंग्रिया बँक हे पाण्याखालील प्रवाळी पठार आहे. त्याचा माथा सुमारे २० मीटर खोलीवर असला, तरी कडेला पाणी एकदम खोल होते, आणि अशा ठिकाणी ५० किलोहर्ट्‌झची गरज लागते. पण लहान होडीने तेथवर जाणे मुळातच शहाणपणाचे नसल्याने त्यासाठी यंत्र घेण्याचाही प्रश्न येत नाही.

शक्तीचे आकडे वाचताना सावध राहावे लागते. काही उत्पादक सरासरी वर्गमूळ पद्धतीने मोजलेली, म्हणजे आरएमएस, शक्ती छापतात, तर काही शिखर-ते-शिखर शक्ती. दुसरा आकडा पहिल्याच्या आठपट असतो. ५०० वॅट आरएमएसचे यंत्र आणि ४,००० वॅट शिखर शक्तीचे यंत्र ही एकच गोष्ट आहे. मोठा आकडा पाहून दुसरे घेणाऱ्याला जास्त काही मिळत नाही.

दुसरा प्रश्न होडीच्या बांधणीचा. यंत्राचे यशापयश येथेच अधिक ठरते. फायबरच्या एकसंध तळाच्या होडीत ट्रान्सड्यूसर आतल्या बाजूने चिकटवता येतो, कारण आवाज फायबरमधून आरपार जातो. तरी काही शक्ती वाया जाते, आणि फायबरच्या दोन थरांत फोम किंवा लाकूड भरलेले असल्यास ही पद्धत चालत नाही. लाकडी होडीतही ती चालत नाही. तेथे तळाला भोक पाडून किंवा मागच्या फळीवर ट्रान्सड्यूसर बसवावा लागतो. मागच्या फळीवर बसवताना त्याचा चेहरा पाण्यात थोडा खाली राहील आणि पंख्याच्या फेसापासून दूर असेल, असे पाहतात. पंख्याची पाती ज्या बाजूस खाली उतरतात त्या बाजूस फेस कमी असतो. घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरणाऱ्या पंख्यासाठी ती बाजू उजवी असते. ट्रान्सड्यूसरच्या पुढे तळावर खिळे, पट्ट्या किंवा पाणी घेण्याचे भोक असल्यास तेथून निघणारे बुडबुडे ध्वनीची वाट अडवतात. ‘होडी उभी असताना यंत्र चालते, वेग घेतला की तळ हरवतो’ ही तक्रार बहुतेक वेळा यंत्राची नसते, बसवण्याची असते.

दोन्ही टोके निमुळती असलेल्या पारंपरिक होडीला मागची फळी नसते. तेथे काठीला ट्रान्सड्यूसर बांधून ती होडीच्या कडेला शिकंज्याने अडकवणे हा सोपा उपाय आहे. किनाऱ्याला लागताना काठी वर घेता येते, त्यामुळे होडी वाळूवर ओढताना ट्रान्सड्यूसर मोडत नाही. एकच यंत्र दोन होड्यांत वापरायचे असल्यासही हीच व्यवस्था बरी पडते.

पडद्याच्या बाबतीत लांबी-रुंदीपेक्षा उन्हातला उजेड व उभ्या ठिपक्यांची संख्या पाहावी. ६० मीटर खोली ४८० उभ्या ठिपक्यांवर मांडली, की एका ठिपक्याच्या वाट्याला साडेबारा सेंटिमीटर पाणी येते. त्याहून लहान तपशील दिसणे शक्य नसते. दुकानातील दिव्याखाली सगळेच पडदे छान दिसतात. दुपारी बारा वाजता, पोलराइज्ड चष्मा लावून, तिरक्या नजरेने पडदा पाहता येत असेल, तरच तो समुद्रावर उपयोगी. ओल्या, खारट बोटांना स्पर्शपडदा नीट साथ देत नाही, म्हणून बटणे असलेले यंत्र लहान होडीत अजूनही सोयीचे ठरते. आयपीएक्स-७ दर्जाचे यंत्र एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरते. उघड्या होडीत याहून कमी दर्जा चालत नाही.

विजेचा हिशेब सोपा आहे. लहान पडद्याचे यंत्र १२ व्होल्टवर एक अँपिअरच्या आत-बाहेर प्रवाह घेते. ७ अँपिअर-तासांची बंद बॅटरी कागदावर सात तास, प्रत्यक्षात पाच तास पुरते असे धरावे. रात्रभराच्या मासेमारीला त्याच्या दुप्पट बॅटरी लागते. इंजिन सुरू करण्याची बॅटरी आणि यंत्राची बॅटरी वेगळी ठेवल्यास पडद्यावरील आवाजी ठिपके कमी होतात, शिवाय पहाटे इंजिन सुरू न होण्याची आपत्ती टळते.

जीपीएसचा उपयोग

खोलीमापक आणि जीपीएस वेगवेगळे घेण्याऐवजी एकत्र घेण्याचे मुख्य कारण हे, की प्रत्येक प्रतिध्वनीला स्थान जोडले जाते. पडद्यावर खडक दिसला तेव्हा होडी त्यावरून पुढे गेलेली असते. ५ नॉट वेगाने २० सेकंदांत ती सुमारे ५० मीटर पुढे सरकते. एकत्रित यंत्रात पडद्यावरील जुन्या प्रतिध्वनीवर दर्शक नेऊन खूण केली, की यंत्र त्या क्षणाचे स्थान नोंदवते. वेगळ्या जीपीएसवर बटण दाबणारा मच्छीमार खडकाची नव्हे, तर खडकापुढच्या रिकाम्या पाण्याची नोंद करत असतो.

होडी फिरेल तसा तळाचा समोच्चरेषा नकाशा काढणारी सोयही आता अनेक यंत्रांत आहे. गार्मिनच्या यंत्रांत तिला क्विकड्रॉ, हमिंगबर्डच्या यंत्रांत ऑटोचार्ट म्हणतात. कोकणातील खाड्यांसाठी ही सोय विशेष उपयोगाची आहे. खाडीच्या मुखाशी असलेले वाळूचे दांडे दर पावसाळ्यानंतर जागा बदलतात आणि विकत मिळणाऱ्या नकाशांत त्यांची ताजी स्थिती नसते. मात्र स्वतः काढलेल्या नकाशाला भरती-ओहोटीची जोड द्यावी लागते. मुंबईजवळ उधाणाच्या दिवसांत भरती व ओहोटी यांच्या पातळीत चार मीटरांहून अधिक फरक पडू शकतो. दक्षिणेस मालवणच्या बाजूला तो कमी होतो. भरतीच्या वेळी तीन मीटर पाणी दाखवणारी वाट ओहोटीला कोरडी पडलेली असू शकते. दांड्यावर फुटणाऱ्या लाटेत होडी आडवी झाली, तर उलटण्यास वेळ लागत नाही. नोंद करताना तिथी व वेळ लिहून ठेवणे म्हणूनच आवश्यक असते. यंत्र खोली ट्रान्सड्यूसरपासून मोजते, पाण्याच्या पृष्ठभागापासून नव्हे. हा फरक यंत्रात भरून ठेवता येतो; तो एकदा तपासून घ्यावा.

स्थानाचे आकडे एकाकडून दुसऱ्याकडे जाताना फार चुका होतात. अक्षांश-रेखांश अंश-मिनिट-दशांशात किंवा अंश-मिनिट-सेकंदात लिहितात. ‘१६ अंश ३०.५० मिनिटे’ आणि ‘१६ अंश ३० मिनिटे ५० सेकंद’ ही दोन स्थाने सारखी वाटतात, पण त्यांच्यात २० सेकंदांचे, म्हणजे सुमारे ६१७ मीटरांचे अंतर आहे. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १,८५२ मीटर, हे लक्षात ठेवले की असा हिशेब तोंडी करता येतो. जुन्या भारतीय नकाशांवरील आकडे एव्हरेस्ट गोलाभावर आधारलेले असतात आणि जीपीएसच्या डब्ल्यूजीएस-८४ पद्धतीशी जुळत नाहीत. ते जसेच्या तसे यंत्रात भरू नयेत.

हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र, अर्थात इन्कॉइस, समुद्रपृष्ठाचे तापमान व हरितद्रव्याचे प्रमाण यांच्या उपग्रहीय निरीक्षणांवरून संभाव्य मत्स्यक्षेत्रांच्या सूचना प्रसृत करते. मासळी उतरवण्याच्या केंद्रापासूनची दिशा, अंतर, खोली आणि अक्षांश-रेखांश त्यात दिलेले असतात. हे आकडे यंत्रात भरून तेथवर जाता येते, आणि पोचल्यावर थवा कोणत्या थरात आहे हे मत्स्यशोधक सांगतो. उपग्रहाला केवळ पाण्याचा पृष्ठभाग दिसतो. खालच्या पाण्याची माहिती यंत्रालाच द्यावी लागते.

सीमारेषेची सूचना देणारा गजर ही काहींना क्षुल्लक वाटणारी, पण फार महत्त्वाची सोय आहे. पालघर जिल्ह्यातील अनेक खलाशी गुजरातच्या नौकांवर कामाला जातात. अरबी समुद्रात पाकिस्तानच्या बाजूस नौका भरकटल्यास नौकेसह पकडले जाण्याची व पुढे वर्षानुवर्षे तुरुंगात राहण्याची वेळ आलेली कुटुंबे या किनाऱ्यावर आहेत. यंत्रात रेषा आखून ती ओलांडण्याच्या बऱ्याच आधी गजर वाजेल अशी मर्यादा ठेवता येते. रात्री जाळे टाकून होडी प्रवाहाबरोबर वाहत असताना तांडेलाचा डोळा लागला, तर या गजराचाच आधार असतो.

पाण्यात माणूस पडल्यास त्या क्षणीचे स्थान एका बटणाने नोंदवण्याची सोय जवळजवळ सर्व यंत्रांत असते. बटण कोठे आहे हे होडीवरील प्रत्येकाला माहीत असावे, केवळ तांडेलाला नव्हे. पडणारा तांडेलही असू शकतो.

मर्यादा आणि नियम

जीपीएसयुक्त मत्स्यशोधक संकटाचा संदेश पाठवू शकत नाही. होडी कोठे आहे हे तो होडीवरच्यांनाच सांगतो, किनाऱ्यावर कोणाला नाही. त्यासाठी व्हीएचएफ संच किंवा संकटसूचक प्रक्षेपक स्वतंत्र लागतो. मासेमारी नौकांवर बसवण्यासाठी भारतीय उपग्रहांवर आधारित एक लाख ट्रान्सपॉन्डर टप्प्याटप्प्याने देण्याच्या राष्ट्रीय कार्यक्रमाचा प्रारंभ ऑगस्ट २०२४ मध्ये पालघर येथे झाला. परदेशातून येणाऱ्या नातेवाइकांकडून यंत्र मागवणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी : उपग्रहाद्वारे संदेश पाठवण्याची सोय असलेली परदेशी उपकरणे भारतात परवानगीशिवाय बाळगणे बेकायदेशीर आहे. केवळ स्थान दाखवणाऱ्या जीपीएसला ही अडचण नाही.

मत्स्यशोधकाच्या वापरावर महाराष्ट्रात बंदी नाही. एलईडी दिव्यांनी मासळी गोळा करून पकडण्यास केंद्र सरकारने २०१७ साली बंदी घातली, ती वेगळी बाब आहे. तरीही लहान होडीवाल्यांत या यंत्राविषयी एक जुनी तक्रार ऐकू येते. मोठ्या यांत्रिक नौकांवरील शक्तिशाली सोनार थवा दुरूनच हेरतो व एकाच वेढ्यात तो उचलला जातो, मग लहान होडीच्या पडद्यावर दिसण्यासारखे काही उरत नाही. ही तक्रार यंत्राहून जाळ्याच्या आकाराविषयी अधिक आहे, पण ती निराधार म्हणता येत नाही. दुसरीकडे, गळाने मासेमारी करणाऱ्या होडीला यंत्रामुळे इंधनाची बचत होते. रिकाम्या पाण्यावर तासन्‌तास फिरावे लागत नाही. खडकांच्या नोंदी हा मच्छीमाराचा खाजगी ठेवा असतो आणि त्या सहसा कोणी सांगत नाही. पूर्वी त्या डोक्यात असत. आता त्या यंत्रात असतात, आणि यंत्र चोरीला जाऊ शकते.

देखभाल

ट्रान्सड्यूसरच्या चेहऱ्यावर शेवाळ व काकई चढली की प्रतिध्वनी मंदावतो. तो मऊ कापडाने व गोड्या पाण्याने पुसतात. पत्र्याने खरवडल्यास चेहऱ्यावर ओरखडे पडतात. तारेला गाठ मारू नये व ती कापून जोडू नये. तार लांब पडत असेल, तर तिचे वेटोळे करून ठेवावे. जोडणीच्या पितळी टोकांवर हिरवा थर धरतो, तो दर पंधरवड्याला पाहावा.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांच्या मासेमारीबंदीत होड्या शाकारून ठेवतात. यंत्र त्याआधी उतरवून, गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसून, कोरड्या जागी ठेवले जाते. याच वेळी खुणांची नोंद मेमरी कार्डावर आणि वहीतही उतरवून घेतात. वहीत स्थानासोबत खोली, तळाचा प्रकार, लागलेली मासळी व महिना लिहिलेला असल्यास नवे यंत्र घेतल्यावर तेवढेच आकडे भरून काम पुढे चालू राहते. खाडीच्या मुखावरील जुन्या नोंदी मात्र पुसून टाकून ऑगस्टमध्ये पहिल्या फेरीला, भरतीच्या वेळी व सावकाश, नव्याने घ्याव्या लागतात.